कीड काढा, पीक राखा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, कवीनं संगणकाच्या दुरुस्तीवर बोलावं याचं काहीजणांना हसू येईल. येऊ द्या. माझं शिक्षण बी.ए.पर्यंत आणि संगणकाचा एकही क्लास मी केलेला नाही. पण ज्याच्या घरात चोरी होते त्याला कुलपांची माहिती आपोआप होत जाते. माझं तसंच झालं.

गोष्ट २०१४ सालची. आमची अम्मा जात्यावर ओव्या म्हणायची. मुसलमानाच्या घरात मराठी ओव्या कशा, असं शहरातली माणसं कधीकधी विचारतात. खेड्यात कुणी विचारत नाही. शेजारणी-शेजारणी एका जात्याला बसायच्या, मग गाणं वेगळं कुठून असणार? तिच्या शेवटच्या दोन वर्षांत उशाला बसून मी त्या ओव्या वहीत उतरवून घेतल्या आणि पुढं संगणकावर टाइप केल्या. वही एका पावसाळ्यात भिजली, शाई पसरली. जुना संगणक भंगारात गेला. त्याआधी सगळं एका पेन ड्राइव्हवर घेतलं होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. अम्मा गेली होती आणि तिचा आवाज म्हणावा असं जे काही उरलं होतं, ते बोटभर लांबीच्या त्या वस्तूत होतं.

एक दिवस घरी पेन ड्राइव्ह लावला तर प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात एक बारीक बाण दिसला. फोल्डर उघडत होते, आतलं सगळं जागेवर होतं. मी दुर्लक्ष केलं. आठ-दहा दिवसांनी दिवाळी अंकासाठी कविता द्यायला कोल्हापुरात एका छपाईवाल्याकडं गेलो. त्यांच्या संगणकावर एकही फोल्डर उघडेना. 'अम्मा' नावाच्या फोल्डरवर टिचकी मारली तर फाइल सापडत नाही असा निरोप आला. प्रत्येक फोल्डरचा आकार दाखवत होता एक केबी. एक केबीत एवढ्या सगळ्या ओव्या मावायच्या नाहीत. तिथला मुलगा म्हणाला, "व्हायरस आहे काका. फॉरमॅट मारतो, पाच मिनिटांचं काम." त्याचा हात माउसवर होता. मी "थांब" म्हणालो, पेन ड्राइव्ह ओढून खिशात घातला आणि घरी आलो.

आमचं उचगाव कोल्हापूरला चिकटलेलं. एका अंगाला महामार्ग, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची कापडपेठ. आमच्या गल्लीत एक पोरगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिनं पेन ड्राइव्ह लावला आणि मला एकच गोष्ट दाखवली. "चाचा, सगळं गेलं असतं तर ड्राइव्ह रिकामा दिसला असता. हा तर निम्म्याच्या वर भरलेला आहे. काहीसुद्धा गेलेलं नाही ओ, नुसतं लपवून ठेवलंय."

मग तिनं काळी खिडकी उघडली, ज्याला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात, आणि एका ओळीची आज्ञा टाइप केली. 'अ‍ॅट्रिब' हा शब्द, पुढं वजा एच, वजा आर, वजा एस, मग तिरपी रेघ एस, तिरपी रेघ डी, आणि शेवटी पेन ड्राइव्हचं अक्षर व त्यावरच्या सगळ्या फायलींची खूण. एच म्हणजे लपवलेलं, आर म्हणजे फक्त वाचण्यासाठीचं, एस म्हणजे यंत्रणेचं. या तिन्ही खुणा पुसून टाक, एवढाच त्या ओळीचा अर्थ. क्षणभरात बाणांच्या फोल्डरांशेजारी खरे फोल्डर येऊन उभे राहिले. 'अम्मा' त्यात होती.

हा प्रकार 'शॉर्टकट व्हायरस' म्हणून ओळखला जायचा आणि त्या काळात सायबर कॅफेपासून शाळेपर्यंत सगळीकडं पसरला होता. तो करायचा काय, हे समजून घेऊ, कारण यातून पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. तुमचे खरे फोल्डर तो लपवायचा. त्याच नावाचे, तसेच दिसणारे खोटे दरवाजे तिथं उभे करायचा. खोट्या दरवाजावर टिचकी मारली की आधी तो स्वतः संगणकात शिरायचा आणि मग अदबीनं तुमचा खरा फोल्डर उघडून द्यायचा. म्हणून मला आठ-दहा दिवस काही कळलं नाही. छपाईवाल्याच्या संगणकावर अँटिव्हायरस होता. त्यानं मधला हा द्वारपाल पकडून काढून टाकला. द्वारपाल गेला, खोटे दरवाजे उरले, म्हणून ते उघडेनात. म्हणजे खरं तर तिथं उपचार सुरू झाला होता. मला वाटलं तिथंच मरण आलं.

आणि हा नुसता खोडसाळपणा नव्हता. या जातीतला 'जेनक्सस' नावाचा किडा संगणकात बसून दूरच्या मालकाला निरोप धाडायचा आणि त्याच्या हुकमाची वाट बघायचा. मालक म्हणेल ती फाइल पाठवायचा. २०१४ सालीच मायक्रोसॉफ्टनं त्याच्याविरुद्ध अमेरिकेतल्या न्यायालयात कारवाई केली. म्हणजे माझ्या पेन ड्राइव्हवरचा तो बारीक बाण हेरसुद्धा असू शकत होता.

मग मला या किडींचंच कुतूहल लागलं. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'ब्रेन' १९८६ साली लाहोरमध्ये जन्मला. तिथं दोन भावांचं संगणकाचं दुकान होतं. आपल्या प्रोग्रामची लोक फुकट नक्कल करतात म्हणून त्यांनी तो लिहिला आणि त्यात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर घातला. तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर चढत परदेशात गेला आणि तिथून लोकांचे फोन येऊ लागले. तेव्हाचे किडे पत्ता ठेवून येत होते म्हणायचे.

याच्या उलटी गोष्ट आपल्या पुण्याची. सातारा जिल्ह्यातून आलेल्या घरातला कैलास काटकर हा मुलगा दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला. पुढं त्यानं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. धाकटा भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत यंत्राचा बिघाड कमी आणि व्हायरसचा उपद्रव जास्त, असं दिसू लागलं. संजयनं एकेका व्हायरसवर छोटे प्रोग्राम लिहायला सुरुवात केली आणि त्यातून १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' बाजारात आलं. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात गेली. मी कुणाची जाहिरात करत नाही. मला या गोष्टीत आवडतं ते असं की या कामाचा उगम दुरुस्तीच्या टेबलावर झाला. गिऱ्हाइकाची वस्तू त्याला त्याच्या ऐवजासकट परत द्यायची, हा दुरुस्तीवाल्याचा धर्म. फॉरमॅट मारणं सोपं, पण शेतात कीड पडली म्हणून कुणी उभं पीक जाळत नाही. जाळावं लागतंही कधी, पण ते सगळ्यात शेवटी.

आता प्रत्यक्ष उपायांकडं येतो. घरचा संगणक एकाएकी सुस्त झाला, न मागता जाहिराती उघडू लागल्या, इंटरनेट उघडलं की भलतंच पान समोर येतंय, किंवा अँटिव्हायरस आपोआप बंद पडतोय, तर संशय घ्यावा. काही वेळा पडदाभर लाल अक्षरं येतात, 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा'. तो नंबर डॉक्टरचा नसतो, चोराचाच असतो. फोन करू नका. ते पान बंद होत नसेल तर संगणकच बंद करून पुन्हा सुरू करा.

पहिलं काम, इंटरनेट तोडा. वायर काढा किंवा वायफाय बंद करा. हेराला निरोप धाडायला वाट उरत नाही. त्या संगणकावर बँकेचं काम करू नका. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून.

दुसरं काम, आपलं जे आहे ते आधी वाचवा. लिखाण, फोटो, हिशेब वेगळ्या डिस्कवर घ्या. प्रोग्राम घेऊ नका, ते पुन्हा मिळतात. आणि ती डिस्क दुसरीकडं उघडण्यापूर्वी तपासून घ्या, नाहीतर धान्याबरोबर सोंडेही नव्या पोत्यात जातात.

तिसरं काम तपासणीचं. विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' नावाचा राखणदार आधीपासून असतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. त्याच्या तपासणीच्या पर्यायांत 'ऑफलाइन स्कॅन' असा एक प्रकार आहे. हा वापरण्याआधी चालू कामं जतन करा, कारण संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आधीच तपासणी होते. याचं कारण सोपं आहे. लबाड किडा जागा असेल तर तो स्वतःला लपवतो, तपासणाऱ्याला चकवतो. तो झोपेत असताना धरायचा. पंधरा-वीस मिनिटं लागतात.

अँटिव्हायरस काम कसं करतो? पोलीस ठाण्यात सराईत गुन्हेगारांच्या फोटोंची फाइल असते, तशी त्याच्याकडं किडींच्या खुणांची यादी असते. यादी जुनी असेल तर नवा चोर समोरून निघून जातो, म्हणून ती रोज ताजी व्हावी लागते. शिवाय वागणुकीवरही त्याची नजर असते. रात्री-अपरात्री घरोघर कड्या वाजवत फिरणारा माणूस फोटोत नसला तरी संशयितच. मात्र दोन-दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवू नका, दोघे एकमेकांनाच अडवतात. दुसऱ्या वैद्याचं मत हवं असेल तर एकदाच तपासून जाणारी साधनं मिळतात. केंद्र सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं, त्याच्या संकेतस्थळावर अशी साधनं मोफत दिलेली आहेत.

चौथं काम, घरात कोण-कोण राहायला आलंय ते बघा. संगणक सुरू होताच आपोआप काय सुरू होतं याची यादी 'टास्क मॅनेजर'मध्ये 'स्टार्टअप' या नावाखाली दिसते. बसवलेल्या प्रोग्रामांची यादी सेटिंगमध्ये असते. ब्राउझरला चिकटलेली एक्स्टेन्शन्स वेगळी बघावी लागतात, कारण कुठली पानं उघडली याची हेरगिरी पुष्कळदा तिथं बसून चालते. ओळख पटत नाही त्याचं नाव शोधून बघा, मग काढा. माहिती न घेता भराभर काढत सुटू नका, त्यात यंत्रणेचे कामाचे प्रोग्रामही असतात. ही मंडळी येतात बहुधा फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर. आपण न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातो आणि पाहुण्याबरोबर त्याचे चार सोबतीही घरात येतात. चोरीचं विंडोज, चोरीचे फॉन्ट, कुलूप तोडलेले प्रोग्राम यांची तर गोष्टच नको. ज्यानं दुसऱ्याचं कुलूप तोडून दिलं तो तुमचं राखेल कशावरून?

पाचवं काम, भोकं बुजवा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर किडीनं जगभर संगणक कुलूपबंद केले. ज्या भोकातून ती शिरली ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आली आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. म्हणून संगणक 'अपडेट' मागतो तेव्हा कंटाळा करू नये. विंडोज १० ला अशी नेहमीची दुरुस्ती मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबलं, हेही ध्यानात ठेवा.

एवढं करूनही लक्षणं जात नसतील तर विंडोज नव्यानं टाका. आता फॉरमॅट करायला हरकत नाही, कारण पीक आधीच घरात आलंय.

काहीजण म्हणतील, आमच्या संगणकात चोरण्यासारखं काय आहे? त्यांना पुण्याच्या कॉसमॉस बँकेची गोष्ट सांगतो. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेला विचारतं, पैसे देऊ का? चोरांनी मालवेअरच्या जोरावर बँकेची मूळ यंत्रणा बाजूला ठेवून मध्ये स्वतःची एक खोटी यंत्रणा उभी केली. ती प्रत्येक प्रश्नाला 'द्या' म्हणत गेली. बनावट कार्डांवर २८ देशांत पैसे निघाले आणि भारतातही निघाले, त्यात आपल्या कोल्हापुरातली एटीएमसुद्धा होती. दोन दिवसांनी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाखांचा. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकराजणांना दोषी ठरवलं.

ही बातमी वाचताना मला माझा पेन ड्राइव्ह आठवला. आकडा केवढाही असो, युक्ती तीच होती. दार ओळखीचं, पाटी ओळखीची, पण मध्ये भलताच माणूस उभा.

आता पेन ड्राइव्ह मागं पडला आणि सगळं मोबाइलवर आलं. तिथंही खोटा दरवाजा आहेच. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, बँकेचं केवायसी, सरकारी योजनेचा हप्ता अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते. नावाच्या शेवटी ए.पी.के. अशी तीन अक्षरं असली की ती पत्रिका नाही, ते अ‍ॅप आहे, एवढं पाठ करून ठेवा. पत्रिका चित्र म्हणून येईल किंवा पी.डी.एफ. म्हणून, तिला फोनमध्ये बसवावं लागत नाही. पाठवणारा ओळखीचा आहे यावरही जाऊ नका, त्याचाच फोन आधी बळी पडलेला असतो. असं अ‍ॅप तुमचे एसएमएस वाचतं आणि बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडं जातो.

चुकून बसवलंच, तर लगेच फ्लाइट मोड लावा, वायफायही बंद आहे ना ते बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मग फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच फोनमध्ये 'पॉवर ऑफ' या अक्षरांवर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये बाहेरून आलेली अ‍ॅप झोपलेली असतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपला दिलेली 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' ही परवानगी आधी काढा, मगच अ‍ॅप काढा. अधिकार हातात असेपर्यंत ते निघायला तयार होत नाही. तरीही निघालं नाही, तर फोटो आणि नंबर वाचवून फोन मूळ स्थितीला न्या.

शेवटी एक कबुली द्यायची आहे. त्या २०१४ सालच्या आठ-दहा दिवसांत माझा पेन ड्राइव्ह चार संगणकांना लागला होता. त्यातला एक होता एका छोट्या वाचनालयाचा. माझा ड्राइव्ह स्वच्छ झाल्यावर ती पोरगी म्हणाली होती, "चाचा, कुठं कुठं लावला होता तिथं सांगून या." मी मान हलवली, पण गेलो नाही. लाज वाटली. कवी माणूस आमच्याकडं रोग सोडून गेला म्हणतील, असं वाटलं. महिनाभरानं वाचनालयात गेलो तर ग्रंथपाल पुस्तकांची यादी हातानं पुन्हा लिहीत बसले होते. त्यांच्या ड्राइव्हवर बाण दिसले होते आणि कुणीतरी फॉरमॅट मारला होता. पाच मिनिटांचं काम. कितीतरी वर्षांची यादी गेली. ती एका ओळीच्या आज्ञेनं परत आली असती, हे त्या गावात मला माहीत होतं आणि मी बोललो नव्हतो.

मी त्यांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "सांगायचं होतं की ओ." पुढचे कितीतरी रविवार मी त्यांच्याबरोबर यादी लिहायला बसलो. पण ती भरपाई झाली असं मला आजही वाटत नाही.

म्हणून मंडळी, संगणक साफ केला म्हणजे काम संपलं असं समजू नका. आपल्याकडून ती कीड कुणाकडं गेली असेल त्यांना फोन करा. लाज वाटेल, वाटू द्या. घरातल्या पोरांनी चूक केली तर ओरडू नका, ओरडलं की पुढच्या वेळी ती लपवतात, आणि लपण्यावरच तर या किडींचं पोट चालतं. म्हाताऱ्या माणसांचे पैसे गेले तर आधी त्यांच्याजवळ बसा, अक्कल नंतर शिकवा.

अम्माच्या ओव्या आता तीन ठिकाणी आहेत. एक प्रत संगणकात, एक कपाटातल्या डिस्कवर, जी कामापुरतीच जोडतो आणि काढून ठेवतो, आणि एक कागदावर छापून लेकीकडं. तुमच्याही घरात असं काही असेल. हे भाषण वाचून झालं की ते आजच दुसरीकडं उतरवून ठेवा.